डोक्यातलं पानी

कैंप-1, भिलाई
९ जानेवारी २०२४

भागाबाई,

नाही वं, रडून नाही राहिली होती मी. तुह्या नातवाच्या लग्नात पंगतीले बुंदी वाढाले वाकली अन् टपकन् थेंब पडला, तो डोळ्यातून नाही, नाकातून पडला. तू लांबून पाहिलं अन् सगळ्यायले सांगत सुटली का वैनीले दादाची याद आली. बायका माह्या पाठीवरून हात फिरवू फिरवू गेल्या. एकीनं तं कोपऱ्यात नेऊन मले पेढा चारला. मी खाऊन घेतला. पेढा चांगला होता.

हेच तुले फोनवर सांगत होती, तं तू हाव हाव, जेवलो, जेवलो म्हनत राहिली. तुह्या कानापाशी तोफ उडवली तरी तू जेवलोच म्हनशीन. म्हनून पत्र लिवते. बापानं सातवीपर्यंत शाळेत धाडलं, ते कधी कामी येईन. घरचे हासतेत. माह्या हेमराजची मोनाली म्हनते, "आजी, अब चिट्ठी कौन लिखता है?" मी म्हनली, जिची ननंद बहिरी असते ते लिवते.

तं पानी असं येते. एकाच नाकपुडीतून, डाव्या. शेंबूड नाही, निव्वळ पानी, माठातल्यासारखं. सरळ बसली का बंद, वाकली का सुरू. कनिक मळाले बसली तं कनकीत पडलं. हर्षानं पाहिलं. सून माही गुनाची आहे, त्या दिवशीपासून कनिक तीच मळते. चव खारट आहे. हाव, चाखली. निजल्यावर घशात उतरते, मी काय करू.

जुनवानीकडच्या एका डॉक्टरनं एलर्जी सांगतली. स्टील प्लांटच्या धुळीची म्हने. मी म्हनली, साहेब, लग्न होऊन आली तवापासून हेच धूळ खाऊन राहिली, नाकाले आता समजलं का? त्यानं गोळी देली, फवारा देला. गोळीनं झोप येते, पानी तसंच. उभी राहिली का डोकं दुखते, लेटली का बरं वाटते. एवढं सोडलं तं मी मस्त आहे. हेमराजले जास्त सांगतलं नाही. त्याचं काम भट्टीवरचं, त्याचं डोकं ठिकाणावर पायजे.

तुही वैनी
पंचफुला


पिंपळटोला
२२ जानेवारी

वैनीले भागाचा नमस्कार.

मी बहिरी असन, आंधळी नाही. दादा गेला तवा तू रडली नाही. सगळ्या बायका पाहून राहिल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी तू लहानू मामा कसा रडते त्याची नक्कल करून पोट्ट्यायले हासवत होती. ते रडनं कुठं जाईन वं? आंगातच राहिलं. आता नाकातून निघून राहिलं.

चिंधू बुढ्याले विचारलं. त्याले जडीबुटीचं समजते. तो म्हने डोक्यात पानी भरलं का असं होते, ते पुरं काढून टाकाव लागते. म्हनून तपकिरीची पुडी पाठवून राहिली. सकाळी ओढ, खूप शिंका येऊ दे, मंग कोरडी होशीन.

अन् एखाद्या दिवशी दार लावून रडून पाय. कोनी पाहात नाही. माह्या भावासाठी तू रडली तं माहा जीव काही लहान होत नाही.

माहा गुडघा तसाच आहे. नाही तं मीच आली असती.

भागा


कैंप-1, भिलाई
३ मार्च

भागाबाई,

तुही तपकीर ओढली. शिंका अशा आल्या का शेजारच्या घरचं कुत्रं भुकाले लागलं. अन् पानी असं आलं का पोलकं भिजलं. नेमका हेमराज घरी होता, सेकंड शिफ्टले जायचा होता. त्यानं पाहिलं अन् मंग सोडलं नाही मले. रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर कौस्तुभ म्हनून आहे. तरना पोट्टा, पुण्याकडं शिकलेला. "आजी, जरा पुढे वाकता का?" म्हने. एवढं गोड बोलनं ऐकून मले वाटलं पंगतीत जिलेबीचा आग्रह करून राहिला. त्यानं मले खुर्चीवर वाकून बसवलं, नाकाखाली शिशी देली, अन् म्हने पडू द्या. मी बसली गाईखाली चरवी धरल्यासारखी. थेंब थेंब करून शिशीचं बूड झाकलं. ते तपासाले पाठवलं. मंग मशीनमंधी घालून डोक्याचे फोटो काढले.

तं बाई, हे तुह्या दादाचं रडनं नाही. मेंदूभोवताल पानी असते, त्यात मेंदू राहते. नाकाच्या वरचं हाड पातळ असते, पापडावानी. माह्या पापडाले छेद पडला. तिथून ते पानी गळून राहिलं. एलर्जी नाही, धूळ नाही, काही नाही. अन् शिंकून शिंकून तं छेद अजून मोठा होते, म्हने. चिंधू बुढ्याले सांग, त्याची जडीबुटी त्यालेच लखलाभ.

डॉक्टर म्हने, पानी गळून जाते त्याची भीती नाही, आंग नवं बनवते. भीती दुसरी आहे. ज्या रस्त्यानं पानी खाली येते त्याच रस्त्यानं नाकातली घान वरतं जाते. मेंदूले सूज येते. ताप, मान ताठ, उजेड सहन होत नाही. असं झालं तं त्याच घटकेले आना, सकाळची वाट पाहू नका. हे तो हेमराजले सांगत होता, पन पाहात माह्याकडं होता.

ऑपरेशन कराव लागते. डोकं फोडत नाही. नाकातून दुर्बीन घालते, टीव्हीवर पाहते, अन् मांडी चिरून थोडी चरबी अन् वरचा पडदा काढून त्या छेदाले ठिगळ लावते. गोधडीले लावतो तसं. मी म्हनली, डॉक्टरसाहेब, दोन्ही मांड्या पाहून घ्या, जे चांगली असन ते घ्या. पोट्टा लाल झाला. हेमराजनं मले चूप केलं.

दहातल्या नऊ लोकायचं पहिल्याच वेळेस बंद होते म्हने. मी विचारलं, तो दहावा कुठं बसते, त्याले भेटू द्या एकदा. कोनी हासलं नाही.

पंचफुला


पिंपळटोला
१२ मार्च

वैनी,

तुहं पत्र दोनदा वाचलं. माह्यानं जेवन जाऊन नाही राहिलं. ते पुडी मीच बांधली होती, ह्याच हातानं. चिंधू बुढ्याशी बोलनं सोडलं मी.

मेंदूचं पानी गेलं तं मानसाची याद जाते का? तुह्या माहेरच्या आडाजवळ कोनतं झाड होतं ते लिवून पाठव. मले माहीत आहे, तुले माहीत आहे का पाहाचं आहे.

ऑपरेशन करून घे. मी मातामायले नवस बोलली, वैनीचं नाक कोरडं झालं तं हिरवं पातळ नेसवीन. ते वैनीच्या हातानंच नेसवीन असंही बोलली, म्हनजे तुले याच लागन. तुले सगळ्यायपेक्षा वेगळं राहाची खोड आहे, लहानपनापासूनची असन. ह्यावेळेस राहू नको. नऊ लोकायमंधी बस चुपचाप.

भागा


कैंप-1, भिलाई
१८ एप्रिल

भागाबाई,

बसली नऊ लोकायमंधी. ऑपरेशन झालं, पानी बंद आहे. आडाजवळ बिब्याचं झाड होतं, अन् त्याच्या चट्ट्यानं तू आमच्याकडं आली तवा तुहं तोंड भोपळ्यावानी सुजलं होतं. याद शाबूत आहे.

काय सांगू तुले तिथलं. नाकात कापूस भरला होता, तोंडानं श्वास घ्यायचा, मच्छीवानी. कंबरेत बारीक नळी घातली होती, डोक्यातला जोर कमी व्हावा म्हनून. हालाचं नाही, उठाचं नाही, डोकं उशीवर उंच ठेवून छताकडं पाहात राहाचं. बाजूच्या खाटेवर रसमड़्याची नलू होती. स्कूटरवरून पडली अन् तिचा पापड फुटला. तिचं तिसरं ऑपरेशन, दोनदा लावलेलं ठिगळ निघून गेलं होतं. आमी दोघी छताकडं पाहून बोलत होतो. मान वळवाची नाही, तं तिचं तोंड कसं आहे ते मले समजलंच नाही, फक्त आवाज. आवाज गोरा होता. ती माह्या आधी घरी गेली.

आता घरी नेम सुरू आहेत. वाकाचं नाही. जड उचलाचं नाही. नाक शिंकराचं नाही. संडासले जोर कराचा नाही, त्यासाठी रोज गोड औषध. हर्षा माहे पाय धुते, वेनी घालते, चप्पल पायात घालून देते. मी म्हनते, सासूपन आता कुठं सुरू झालं माहं. अन् शिंक आली तं दाबाची नाही. तोंड पुरं उघडून शिंकाचं, म्हनजे जोर तोंडातून जाते, ठिगळावर जात नाही. डॉक्टरनं स्वतः करून दाखवलं, आऽ करून. मी मुद्दाम म्हनली समजलं नाही, पुन्हा दाखवा. तीनदा दाखवलं बिचाऱ्यानं.

पन घर आमचं ड्युटीवाल्यायचं. इथं मानूस दारातून ड्युटीले निघला अन् मागून शिंक आली तं तो परत येते, बसते, पान्याचा घोट घेते, मंग जाते. तुहा भाऊ तं चप्पलही काढून बसे. नवी नवरी होती तवा मी खोटी शिंकत होती, तुले माहीत नसन. तो निघला का हाक्शू. तो आपला परत, खाटेवर, पान्याचा गिलास. तेवढाच भेटे मले. गेटवर त्याले बोलनी बसत, पन मले काही बोलला नाही. त्याले समजत होतं असं मले वाटते.

हर्षाले मी हे सांगतलं तं ते हासली नाही. म्हने, आई, बाबा एवढे वर्षं भट्टीपाशी राहून घरच्या खाटेवर गेले, ते ह्याच पान्याच्या घोटानं.

पंचफुला


पिंपळटोला
२९ एप्रिल

वैनी,

बिब्याचं झाड बरोबर आहे. मी पत्र हातात घेऊन आंगनात बसली अन् रडली. सून धावत आली का कोन मेलं.

तू दादाले शिंकून थांबवत होती हे आईले माहीत होतं. आई म्हने, थांबवू दे, नवी आहे.

पन वैनी, आता शिंकेचं जपून. हेमराज निघाच्या टायमाले तू मागच्या खोलीत बसत जा. तिथं काय शिंकाचं ते शिंक. तोंड उघडून शिंक. त्याले ऐकू नको येऊ देऊ, अन् दाबूही नको.

पातळ घेऊन ठेवलं.

भागा


पिंपळटोला
३० जून

वैनी,

दोन महिने झाले, पत्र नाही. माह्या पोरानं हेमराजले फोन केला. हेमराज म्हने आई एकदम बरी आहे, डॉक्टरनं तपासलं, काही नाही. मंग लिवून कावून नाही राहिली? माह्यावर राग आहे का, तपकिरीचा?

धानाचे पऱ्हे टाकले आहेत. रोवना सुरू झाला का कोनाले फुरसत नाही. त्याच्या आधी ये, मातामायचं होऊन जाईन. मोनालीलेही आन. तिले सांग, गावात मराठी बोलली तं कोनी मारत नाही.

लिव वं काहीतरी. शिव्या लिव.

भागा


कैंप-1, भिलाई
८ जुलै

भागाबाई,

राग नाही. तपकिरीचा तं मुळीच नाही.

मी येनार नाही. पातळ तूच नेसव मातामायले, नाही तं तूच नेस, हिरवं तुले चांगलं दिसते.

माह्या ऑपरेशनसाठी घेतलेली हेमराजची सुट्टी संपली अन् तो पहिल्यांदा ड्युटीले निघाला, त्या दिवशीचं सांगते. फर्स्ट शिफ्ट होती. भट्टीचं शटडाऊन, उंचावरचं काम. हर्षा डबा घेऊन दारात, तो चप्पल घालून राहिला होता, मी पलंगावर उशायले टेकून. अन् आली शिंक. मागच्या खोलीत जाले टाईम नाही भेटला.

तोंड उघडून शिंकली असती तं साऱ्या गल्लीले ऐकू गेलं असतं. तो परत येऊन बसला असता, लेट झाला असता, ते चाललं असतं. पन घाईत होता. नसता बसला तं? शिंक डोक्यात घेऊन उंचावर चढला असता. हर्षा दिवसभर दाराकडं पाहात बसली असती. मी शिंकेले मानत नाही, भागा. मी तं खोटी शिंकनारी बाई. पन लेकरू चढनार होतं, अन् त्या टायमाले मी मानलं. पदर घेतला अन् नाक-तोंड दोन्ही दाबून धरलं.

शिंक आत गेली. डोक्यात जुनं लुगडं फाटल्यासारखं झालं. हेमराज म्हने, आई, येतो. मी हात हालवला. तो गल्लीच्या वळनावर गेला नाही अन् ओठावर पानी आलं. खारट.

कोनाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं हेमराजले समजलं असतं का आईनं माह्यासाठी दाबली. हर्षाले वाटलं असतं का आपल्याच मानन्यापायी झालं. एवढी पाय धुनारी पोरगी. मंग मी रुमाल ठेवू लागली पदरात. कनिक तशीही ते मळते, वाकाचं काम मले कोनी सांगत नाही, तं लपून गेलं.

मंग तपासनीची तारीख आली. मले माहीत होतं डॉक्टर वाकवन. घरून निघाच्या आधी न्हानीत गेली, कडी लावली, डोकं खाली करून बसून राहिली, जेवढं निघते तेवढं काढून टाकलं. गाडीत डोकं मागं टाकून लेटली. दवाखान्यात वाकवलं तं थेंब नाही पडला. दुर्बीननं पाहिलं, म्हने ठिगळ बसलेलं दिसते. "काही त्रास नाही ना, आजी?" म्हने. मी म्हनली, त्रास एकच, तुमचं लग्न अजून होऊन नाही राहिलं. सगळे हासले. हासता हासताच आमी बाहेर आलो. हेमराजनं बाहेर सगळ्यायले चहा पाजला.

मी मजाक केली का कोनी पुढचं विचारत नाही. हे मले लहानपनापासून माहीत आहे. तूच एक होती जे विचारे, म्हनून तुले लिवलं नाही.

तुले मी नलू घरी गेली म्हनून लिवलं होतं. नाही गेली. तिले ताप आला, ते बडबडाले लागली, मायले हाका मारे. मी बाजूच्या खाटेवर, छताकडं पाहून. काही बोलली तं तिले ऐकू जात नव्हतं. मंग तिचा आवाज बंद झाला, मशीनचा सुरू राहिला, मंग तोही बंद. कोनी पडदा ओढला. मी मान वळवली नाही, वळवाची नव्हती. डॉक्टर धावले, बिचाऱ्यायनं काही कमी नाही केलं. दोनदा निघालेलं ठिगळ, तिसऱ्यांदा कोनाच्या हातात असते.

अन् नाकात कापूस भरला होता, मच्छीवानी श्वास घेत होती, असं लिवलं, तू हासावं म्हनून. ते तसं नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर शुद्ध आली तवा श्वासच नव्हता. घशात रक्त, दोन्ही नाकपुड्या बंद, हात पट्ट्यानं बांधलेले. मी ओरडून राहिली होती अन् आवाज निघत नव्हता. एक नर्स म्हनत होती, मुंह से, माताजी, मुंह से. मले वाटलं मले पुरलं.

कालपासून ताप आहे. हनुवटी छातीले लावून पाहिली, लागत नाही. खिडकीतला उजेड डोळ्यात सुईवानी जाते, म्हनून चादर टांगली. हर्षाले म्हनली गर्मी आहे. तिनं पंखा वाढवला, डोक्यावर पानी मारू का म्हने, मी म्हनली निजू दे. अक्षर वाकडं येऊन राहिलं, समजून घे. डॉक्टरनं जे जे सांगतलं होतं ते ते येऊन राहिलं. मोनाली शाळेत जाईन तवा पेटीत टाकन हे.

हेमराज आंगनात गाडी पुसून राहिला. बालटीचा आवाज इथं येते. एक हाक मारली तं याच घटकेले मले उचलून रायपूरले नेईन, अन् तो पोट्टा डॉक्टर रात्र म्हननार नाही, दिवस म्हननार नाही. कदाचित वाचवनही. मले सगळं समजून राहिलं, याद शाबूत आहे.

मी हाक मारून नाही राहिली. पानी सुरू झालं हे मी हेमराजसाठी लपवलं नाही, हर्षासाठीही नाही, ते तुले वर खोटं लिवलं. मी त्या टेबलाले भ्याली.

पंचफुला